साठ मिनिटांचा दर

सुट्टी तीन दिवसांची, वेरूळ पहिल्याच दिवशी उरकलं.
उतरताना आईचे गुडघे बोलायला लागले,
म्हणून रात्री लॉजवर मी वहीत तीन हॉटेलांची नावं लिहिली
आणि समोर त्यांच्या स्पाचे दर.

जालना रोडवरचं पहिलं: साठ मिनिटं, पस्तीसशे, वर कर.
गवती चहा आला. टॉवेल इतका पांढरा
की आईनं हात पदराला पुसले.
भिंतीआडून झुळझुळ पाणी वाजत होतं, मुद्दाम लावलेलं.
"नळ चालू ऱ्हायलाय कुणाचा तरी," ती उठूनच बसली.
सेलूला पाणी आठव्या दिवशी सुटतं.
तिथं आम्ही फक्त चहा प्यायलो.

स्टेशनच्या अंगाचं दुसरं: दोघींना मिळून तीन हजार, नाश्ता फुकट.
मॅनेजरनं बाटली उघडली, "शुद्ध बदाम, मॅडम."
आईनं थेंब तळहातावर चोळला, नाकाशी नेला.
"बदाम नुसता सांगायला हाय ह्यात. सरकी हाय ही."
मॅनेजर हसला. मग हसायचा थांबला.

त्याला कुठून ठाऊक असणार,
ह्या केवळाबाईनं एकतीस वर्षं
गावातली बाळं आपल्या लांब केलेल्या पायांवर न्हाऊ घातली,
बाळंतिणींच्या कंबरा चोळल्या,
सव्वा महिन्याचे साठ रुपये घेतले, शेवटी शेवटी दोन हजार.
मुलगा झाला तर लुगडं.
मुलगी झाली तर "बघू पुढच्या खेपंला."
मुलीला तेल तिनं कधी कमी लावलं नाही.
त्यातला एक आता दाताचा डॉक्टर आहे, हिला ओळखत नाही.
ही त्याला पाठमोरा ओळखते, मानेवरून.

बीड बायपासचं तिसरं: लिफ्ट बंद, दोन जिने, नव्वद मिनिटं, चोवीसशे.
वाचलेले पैसे मी आधीच पैठणीच्या दुकानात मनानं खर्च केले होते.
आत दिवा मंद. कागदाची चड्डी दिली,
आईनं तिची घडी घालून उशाखाली ठेवली.
थेरपिस्ट मिझोरामची, नाव लालरिनपुई,
आईनं दोनदा विचारलं, मग "लाली" म्हणाली.

लालीनं तिला पालथं निजायला सांगितलं.
एकतीस वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
शेजारच्या टेबलावरून मला तिची पाठ दिसत होती,
आणि माझ्या लक्षात आलं
की मी ती पाठ कधी पाहिलीच नव्हती.

पाठ झाली, पिंढऱ्या झाल्या, मग हात.
उजव्या अंगठ्याच्या बुडाशी लालीची बोटं थांबली.
तिथं एक गाठ आहे, सुपारीएवढी.
तिनं काही विचारलं नाही,
आपला अंगठा दिव्याखाली धरला फक्त.
तिचीही गाठ. अजून वाटाण्याएवढी.

आई उठून बसली, चादर खांद्यावर ओढली,
आणि पोरीचा हात मांडीवर घेतला.
"कोपरानं दाब द्यायचा माय, अंगठ्यानं न्हाई. आसं."
दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं.
भिंतीवरच्या घड्याळात आमच्या पैशाची सतरा मिनिटं
उलट्या दिशेनं खर्च झाली.

"पगार किती देतेत तुला?"
मी हिंदीत विचारलं. "तेरा हजार. राहणं इथंच."
आई बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिली,
जिना उतरेपर्यंत मोजत राहिली,
आकडा सांगितला नाही.

रात्री वही उघडून मी म्हटलं, "सांग आता, कोणतं चांगलं?"
ती आडवी झालेली, हात नाकाशी.
"हात चांगलाय तिसऱ्याचा. टॉवेल पयल्याचा.
अन् लिही, तिन्हीकडं लिही,
वाटी गरम पाण्यात ठिवायला काय जातंय म्हणावं.
एवढे पैसे घेतेत
अन् तेल गार लावतेत."